पेट्रोल गाड्यांनी थांबावे

आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर वनखात्याचा एक नाका होता. एक आडवा बांबू, त्याच्या टोकाला वजनासाठी दगड बांधलेला, आणि शेजारी नाकेदाराची खोली. ऐंशीच्या दशकातले तीन उन्हाळे त्या बांबूवर एक पत्र्याचा फलक लटकत होता: 'पेट्रोल गाड्यांनी थांबावे.' खाली खडूनं त्या दिवसाची वेळ लिहिलेली असे. चोरटं लाकूड अडवण्यासाठी बांधलेला नाका आमच्यापायी मोटारसायकली अडवू लागला होता. कोणी कारण विचारलं की नाकेदार वर बोट दाखवून सांगायचा, "साहेब लोक सूर्याचा वारा मोजून राह्यले."

लोक हसायचे. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम तर म्हणाला होता, वारा मोजायला जीप कशाला अडवता, कापड टांगा ना एक. मीही तेव्हा हसले होते. आता त्या फलकाची आठवण झाली की हसू येत नाही, डोकं तापतं.

वारा मोजणाऱ्यांतली मी एक. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत लागले होते. संस्थेत सगळे अंतराळातल्या प्लाझ्मावर काम करत. प्लाझ्मा म्हणजे असा तापलेला वायू, की त्यातले अणू फुटून विजेनं भारलेले कण सुटे होतात. सूर्यातून तो अखंड बाहेर वाहत असतो, पृथ्वीवरूनही जातो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण आकाशात फार दूरवर रेडिओ लहरी सोडणारे काही ठिपके आहेत. त्यांच्या लहरी या वाऱ्यातून आल्या की थरथरतात. पेटत्या चुलीवरून पलीकडे पाहिलं तर भिंत हलताना दिसते, तसंच. ती थरथर दोन लांबच्या गावांत किती फरकानं पोचते हे पाहिलं, की वाऱ्याचा वेग निघतो.

संस्थेची दोन केंद्रं पश्चिमेला होती. तिसरं पूर्वेकडे हवं होतं, आणि तेही अशा जागी जिथं विजेची तार नाही, कारखाना नाही. कारण आमची यंत्रं इतक्या क्षीण लहरींवर कान लावून बसायची, की पेट्रोलच्या इंजिनात पडणारी ठिणगीसुद्धा त्यांना सहन व्हायची नाही. एखादी लुना रस्त्यानं गेली तर कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेल्या लहरी तिच्या फटफटीत बुडून जायच्या. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, म्हणून एसटी आणि ट्रक मोकळे. आम्ही ज्या ठिपक्याकडे पाहायचो तो इतर ताऱ्यांसारखाच रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर यायचा. एप्रिलच्या सुरुवातीला नाका दुपारी जेवणाच्या वेळी बंद व्हायचा, मे निम्मा सरेपर्यंत सकाळी दहाच्या सुमाराला. आठवडी बाजाराला कोंबड्या घेऊन निघालेला माणूस कधी थांबणार आणि कधी सुटणार, हे असल्या एका ठिपक्यावर ठरत होतं.

हे सगळं आमच्या सरांनी जमवलं होतं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. हुशार माणूस, ते मी आजही नाकारणार नाही. कागदावरची नुसती रेघ पाहून ॲन्टेनातली कुठली तार सैल झाली ते सांगायचे. पण जीभ अशी, की समोरच्याला ओरखडा काढल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही चंद्रपूरकडच्या ना? बरं झालं. उन्हाचं तुम्हांला काय, सवयच असेल." आणि मग माझा प्रवेशाचा कागद बाजूला सारत म्हणाले, "आमच्या वेळी इथं यायला मार्क लागायचे." मला एम.एस्सी.ला किती मार्क होते हे त्याच कागदावर होतं. त्यांनी ते वाचलं होतं.

ॲन्टेना म्हणजे बांबूंवर ताणलेल्या तारांच्या रांगा. ते बांबू जवळच्या माडिया वस्तीतल्या माणसांनी रोवले. ती माणसं तेंदूपत्ता, मोह आणि धान यांच्यावर जगणारी. त्यांची भाषा मला कळत नव्हती, माझी त्यांना जेमतेम कळायची. सरांनी त्यांना नाव ठेवलं होतं, खांब. सकाळी विचारायचे, "आज किती खांब आले?" एकदा वावटळीनं चार बांबू निखळले आणि निरीक्षणाची वेळ तर झालेली. सरांनी चार माणसांना त्या बांबूंच्या जागी उभं केलं. तारा हातांनी उंच धरून, भर उन्हात, वेळ संपेपर्यंत. त्यातला एक मधेच खाली बसला आणि बसल्याजागी आडवा झाला. मी तंबूत, यंत्राच्या रेघ ओढणाऱ्या पेनासमोर बसले होते; फटीतून पाहिलं आणि म्हणाले, सर, त्याला पाणी द्यायला हवं. सर म्हणाले, "तू पेन बघ." आणि दुसऱ्या माणसाला खुणेनं त्या जागी बोलावलं. पडलेल्याला त्याच्या बायकोनं सावलीत ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर आला. सर त्याला म्हणाले, "कालचा वाकडा खांब तूच ना?"

माझं घर घुग्घुसला. बाबा कोळशाच्या खाणीत होते. छप्पन साली जवानीत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि परत येताच घरातल्या सगळ्या देवांच्या तसबिरी आईच्या हातानं नदीत सोडायला लावल्या. पोरांनी शिकायचं हा त्यांचा एकच हुकूम. त्यांची छाती धुळीनं बसली तेव्हा माझ्याहून धाकट्या भावानं कॉलेज सोडलं आणि सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर लागला, म्हणजे माझं एम.एस्सी. अर्धवट राहू नये. तो मला ताई म्हणायचा. इतक्या वेळा म्हणायचा की आई चिडायची, नावानं हाक मारता येत नाही काय रे तुले.

मी काय शिकते हे बाबांना नीट समजून घ्यायचं असे. ज्या माणसाला थंडीच्या दिवसांत रविवार सोडून सूर्य दिसत नव्हता, त्याला सूर्याबद्दल भारी चौकशी.

"सूर्यालेही वारा सुटते म्हणतं तू?"

"हो बाबा. सगळीकडे जाते. इथूनही जाऊन राह्यला आता."

"मंग आमच्या खाणीत काऊन येत नाई?"

मी सांगितलं, पृथ्वीचं चुंबकत्व त्याला बाजूला वळवतं. त्यावर ते बराच वेळ खोकत हसले. म्हणाले, "म्हंजे त्याच्याही वाटेत नाका हाय." मग विचारलं, तो थांबतो कुठं. मी म्हणाले, अजून कोणालाच ठाऊक नाही. "तर मंग तू शोध अन् येऊन सांग मले. मी कुठी जातो?" प्रत्येक सुट्टीत मी दारात पाय टाकला की त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. थांबला का वं तुया वारा? नाही बाबा, अजून नाही. ते समाधानानं मान हलवायचे. जणू वारा थांबला असता तर त्यांनाच वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यातला मे महिना. तेंदूपत्त्याचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर वर्दळ होती आणि नाकेदाराला पडणाऱ्या शिव्यांनाही ऊत आला होता. नाकेदार म्हातारा, शांत, झाडीपट्टीतला माणूस. मला बाई म्हणायचा, सरांना साहेब. आदल्या दिवशी सूर्यावर मोठा उद्रेक झाल्याची तार संस्थेकडून आली होती. त्या उद्रेकाचा लोट वाटेत असणार आणि आमच्या ठिपक्याच्या लहरी त्यातून येणार, म्हणून सर सकाळपासून पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालत होते.

निरीक्षणाच्या वेळेचा एक नियम होता. तंबूत फक्त एक माणूस. कागदावर रेघ ओढणारं पेन चालू झालं की तंबूचं दार बंद, मग बाहेरून कोणी हाक मारायची नाही, आतून कोणी उठायचं नाही. गोणपाटाचे ओले पडदे लावलेले असत आणि आत मी, घामानं निथळत, त्या पेनाकडे पाहत बसलेली. सर बाहेर मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे.

पेन सुरू झालं आणि काही मिनिटांतच मला कळलं की आज वेगळं आहे. एरवी बारीक काटेरी दिसणारी रेघ दुप्पट-तिप्पट उसळायला लागली. आणि मधे एकही ठिणगी नाही, एकही डाग नाही. इतका स्वच्छ कागद मी त्याआधी पाहिला नव्हता. सूर्यावरून निघालेला लोट आमच्या डोक्यावरून जात होता आणि त्याची नाडी माझ्या हाताखाली लागत होती. मधे कधीतरी सायकलची घंटी ऐकू आली, नाकेदाराचा आवाज आला, सरांचा आला, मग पुन्हा सगळं शांत झालं. मला वाटलं, ठेकेदाराची जीप असेल. मला त्या तासाइतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. बाबांना हे कसं सांगायचं याची वाक्यंही मी मनात जुळवत होते.

वेळ संपली, पण सरांनी बाहेरून ओरडून सांगितलं की आणखी अर्धा तास चालू दे. मी चालू दिलं. मग ते आत आले. आधी त्यांनी कागद पाहिला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, बोट टेकवत. "सुंदर," म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पेनाचं झाकण लावलं, कागदावर सही केली, आणि मग जाता जाता म्हणाले, "हां, तुझा भाऊ आलाय नाक्यावर. वडील जरा जास्त आहेत म्हणे."

"केव्हा आला?"

"हा काय, आत्ताच."

मी धावत सुटले. नाका काही फार लांब नव्हता. मला येताना पाहून नाकेदारानं बांबू वर केला आणि दुसरीकडे पाहत उभा राहिला. भाऊ मोटारसायकलवर बसलेलाच होता. अंगभर धूळ, डोळे लाल.

"बाबा बोलून राह्यले का रे?"

"सकाळी बोलत होते," तो म्हणाला. "बसा, मॅडम."

नाक्यावर नाकेदार सोडून सगळेच मला मॅडम म्हणायचे, सरांमुळे ती सवय पडलेली. मला वाटलं तो तेच ऐकून बोलला. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

वैनगंगा ओलांडली, गोंडपिपरी गेलं, चंद्रपूर गेलं. सगळ्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. एकदा टायरची हवा पाहायला थांबला तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर खांदा झटकून त्यानं तो पाडला. मी मनात म्हटलं, पोरगा घाबरलाय. घुग्घुसच्या रस्त्यावर नेहमीसारखी ट्रकांची रांग होती आणि कोळशाची धूळ उडत होती. खाणीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती.

आमच्याकडे आजाऱ्याजवळ जाण्याआधी हातपाय, तोंड धुवायची रीत आहे. खाणीवाल्यांच्या घरात ती जरा जास्तच पाळली जाते, कारण धूळ म्हणजे काय ते छाती बसलेल्या माणसालाच ठाऊक. मी आवारातल्या नळावर तोंड धुवायला थांबले. पाणी बारीक येत होतं. भाऊ न थांबता आत गेला.

मी आत आले तेव्हा आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलून पुसायला घेतला. बाबांच्या नाकाला नळी होती, डोळे उघडे. तिथली आया म्हणाली, "तीनच्या चायपर्यंत बोलत होते. तुमचंच नाव चाललं होतं, कुठपर्यंत आली, कुठपर्यंत आली. आता वाचा गेली, पन ऐकू येते त्याईले. बोला तुमी."

मी त्यांचा हात हातात घेतला. सकाळची जुळवलेली वाक्यं होतीच. म्हटलं, बाबा, आज लय मोठा वारा आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात हळूहळू माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मला वाटलं दम लागला असेल, छातीला आधार हवा असेल. मी पंख्याखालून बाजूला सरकून बसले, त्यांना वारा लागावा म्हणून. पहाटे ते गेले.

बुद्धवंदना झाली, लोक आले-गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तुयं काम पडून असन. जाय तू." तिच्या आवाजात मला काही वेगळं जाणवलं नाही असं म्हणणार नाही. पण नवरा गेलेल्या बाईचा आवाज कसा असावा हे मला काय ठाऊक? भाऊ ताट वाढताना विचारायचा, "मॅडम, भाकर देऊ का?" मी एकदा म्हटलं, पुरे झाली रे थट्टा. तो म्हणाला, थट्टा कोन करून राह्यलं. मला ते बोचलं आणि मीही मग अढी धरून बोलेनाशी झाले. तोडीस तोड, म्हटलं.

परत आल्यावर सरांनी "वाईट झालं" एवढे दोन शब्द खर्च केले आणि लगेच पश्चिमेच्या केंद्राचा कागद माझ्या कागदाशेजारी पसरला. दोन्हींवर तीच उसळी होती, किंचित फरकानं. वाऱ्याचा वेग निघाला, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. लेख छापून आला. त्या दिवसाचा कागद त्यातली मुख्य आकृती झाला, आणि त्याची मोठी प्रत सरांच्या खोलीबाहेर काचेत लागली. पाहुणे आले की सर मला बोलावून घ्यायचे. मी आकृतीवर बोट ठेवून समजावून सांगायची आणि पाहुणे विचारायचे, इतकं स्वच्छ रेकॉर्ड कसं मिळालं. मी म्हणायची, रस्त्यावर नाका होता. त्यानंतर घरी मी दोनदा गेले. दोन्ही वेळा पाहुण्यासारखी वागणूक मिळाली. चादर धुतलेली, ताटाखाली पाट, आणि बोलणं असं की शेजारणीशीही कोणी जास्त बोललं असतं.

पुढच्या उन्हाळ्याअखेर केंद्र गुंडाळायचं ठरलं. त्या भागात विजेची लाइन येणार होती, आमची शांतता संपत होती. तारा गुंडाळून झाल्या, बांबू वस्तीतल्या लोकांनी कुंपणाला नेले. मी फलक काढून आणायला नाक्यावर गेले. नाकेदारानं बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि बराच वेळ फलकाच्या तारेशी चाळा करत बसला.

मग म्हणाला, "बाई, राग नसन तर एक बोलतो. तुमच्या वडलाच्या वक्ताले तुमी जो निरोप धाडला ना, तो मले पटला नाई."

"कोणता निरोप?"

"तोच. काम संपवून येतो म्हनाव, तवरिक थांब म्हनाव."

मी म्हणाले, मी कोणताच निरोप धाडला नव्हता. त्यालाही मग काहीतरी कळलं असावं, कारण त्यानं तार खाली ठेवली. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. भाऊ आला तेव्हा नाका नुकताच बंद झाला होता. वडील शेवटच्याला लागलेत, बहिणीला न्यायला आलो, असं तो म्हणाला. नाकेदारानं त्याला बसवलं, पाणी पाजलं, आणि स्वतः सायकल मारत तंबूपाशी आला. सरांना सांगितलं. सर म्हणाले, थांब, विचारतो. झाडाखालून उठले, तंबूकडे दोन पावलं गेले, परत फिरले, आणि म्हणाले, मॅडम म्हणतात काम संपवून येते, भावाला म्हणावं थांब.

"ते आत आले होते?"

"नाई."

"तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलो ना. पडदा काई हलला नाई." तो खाली मान घालून बोलत होता. "मी म्हनलो, मोठ्या लोकाइचं काई असन, इशाऱ्यानं विचारलं असन. साहेबाचा निरोप होता बाई. मी नोकरीवाला मानूस. जसा देल्ला तसा पोचवला. तुमचा भाऊ उठून चालतच येत होता तुमच्याकडं. निरोप आयकला अन् खाली बसला. उनातच बसला, सावलीत ये म्हनलो तरी आला नाई."

मी तडक सरांकडे गेले. ते मोहाखाली सामानाच्या पेट्या मोजत होते. मी विचारलं. मला वाटलं होतं नाकारतील, निदान चपापतील. त्यांनी पेटीवरून मानसुद्धा पुरती उचलली नाही.

"मग काय सांगायला हवं होतं? तसा दिवस पुन्हा आला का? मी दहा वर्षं त्याची वाट पाहत होतो."

"माझे वडील होते ते."

"एका-दीड तासानं काय फरक पडला? तू गेलीस तेव्हा होते की नव्हते?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, तुला विचारलं असतं तरी तू हेच म्हणाली असतीस. मी तुझ्या वतीनं बोललो, इतकंच. उलट मी तर सगळीकडे तुझं उदाहरण देतो. या मुलीनं वडील अत्यवस्थ असताना पेन सोडलं नाही म्हणून. संस्थेत तुला जो मान आहे ना, तो त्यामुळे आहे."

संस्थेतले लोक माझ्याशी एवढ्या आदरानं का बोलतात, याचा मला अधूनमधून प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर मिळालं. मला त्या माणसाच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि मारलं नाही याचा मला आजही पश्चात्ताप होतो. मी एवढंच म्हणाले की माझ्या वतीनं बोलायला तुम्हांला कोणी सांगितलं होतं. ते म्हणाले, "उन्हात उभी राहू नकोस," आणि पुढची पेटी मोजायला गेले.

मी मिळेल त्या एसटीनं घुग्घुसला गेले. वाटेत माझ्या मनात रागाबरोबर एक सुटकाही होती, ती लपवत नाही. आता सगळं उलगडलं होतं, ते मॅडम, तो झटकलेला खांदा, ते आईचं पेला पुसणं. गैरसमज होता, मी जाऊन तो दूर करणार होते, आणि माझं घर मला परत मिळणार होतं. बाबा तेवढे यातून वाचले, असंही मी स्वतःला समजावलं. ते माझी वाट पाहत गेले, एवढं तर खरं.

भाऊ सकाळपाळी संपवून आला होता, ओसरीवर पायावरचं सिमेंट धूत होता. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नाकेदाराचा शब्द न् शब्द, सरांचाही. पाणी संपलं तरी तो पाय चोळतच राहिला. आई दारात येऊन उभी होती. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि पदर तोंडात धरला.

"म्हंजे तुले मालूमच नव्हतं," भाऊ म्हणाला.

"नाई रे."

"ताई," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा. मला रडू आलं. मी त्याचा ओला हात धरला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

त्यानं हात सोडवला नाही, पण वरही पाहिलं नाही.

"त्या दिवशी तू नळावर होतीस," तो म्हणाला. "मी आत गेलो तर आई म्हने, एवढा उशीर काऊन झाला, बाबा कवाचे वाट पाहून राह्यले. माया डोक्यात आग होती, ताई. मी म्हनलो, तुई पोरगी काम संपवून येतो म्हने. दीड घंटा बसवला तिनं मले नाक्यावर."

"कुठं बोललास हे?"

"खाटेपाशीच."

आई दारातून म्हणाली, "त्याईनं माह्याकडं पाह्यलं. मंग घडीभर डोळे मिटून घेतले."

"हात काढून घेतला होता त्याईनं तुया हातातून," भाऊ म्हणाला. "तू नाई पाह्यलं?"

मी म्हणाले, पाहिलं होतं. मला वाटलं, दम लागला असेल.